बॅरी सँडर्स की एमिट स्मिथ: बाजू घेण्याआधीचा हिशेब

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाच्या, गुरुवारी अमेरिकेत टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागतोच आणि त्यातले दोन यजमान संघ ठरलेले असतात. आधी डेट्रॉइट लायन्स, मग डॅलस काउबॉइज. लायन्सची ही प्रथा १९३४ची, काउबॉइजची १९६६ची. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय-नोव्हायमध्ये मोटार उद्योगातली मराठी कुटुंबं बरीच, डॅलसजवळच्या प्लेनो-फ्रिस्कोमध्ये आयटीतली. दोन्हीकडची मंडळी एका घरी जमली, की जेवणं उरकेपर्यंत एक जुना वाद निघतोच: बॅरी सँडर्स मोठा की एमिट स्मिथ?

दोघेही रनिंग बॅक आणि दोघांचीही ऐन भराची वर्षं नव्वदच्या दशकातली. सँडर्स १९९९ मध्ये निवृत्त झाला, स्मिथ २००५ मध्ये. तरी अजून दोन्हीकडचे लोक आवाज चढवून बोलतात आणि नव्याने खेळ बघू लागलेल्याला मध्ये घेऊन विचारतात, "तू कोणाच्या बाजूचा?" त्या नव्या माणसासाठी हे लिहितो आहे. माझा कल कुठे आहे तेही सांगेन, पण आधी दोन्ही बाजू नीट उघडून बघू.

खेळ अगदीच नवा असेल तर थोडक्यात: चार प्रयत्नांत (एकेका प्रयत्नाला डाऊन म्हणतात) दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाऊन. चेंडू फेकून पुढे न्यायचा किंवा काखेत मारून पळायचं. फेकणारा तो क्वार्टरबॅक, असा पळणारा तो रनिंग बॅक. कबड्डीतला चढाई करणारा गडी डोळ्यांसमोर आणा. फक्त समोर सातांऐवजी अकरा जण असतात आणि आपल्या बाजूनेही पाच धिप्पाड गडी त्याच्यासाठी वाट मोकळी करत असतात. या पाचांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. पुढच्या बऱ्याचशा भांडणाची मेख या पाच जणांतच आहे.

| | बॅरी सँडर्स | एमिट स्मिथ |
|---|---|---|
| संघ | डेट्रॉइट लायन्स, १९८९ ते १९९८ | डॅलस काउबॉइज, १९९० ते २००२. अ‍ॅरिझोना कार्डिनल्स, २००३ व २००४ |
| नियमित हंगामातले सामने | १५३ | २२६ |
| धावून मिळवलेले यार्ड | १५,२६९ | १८,३५५ |
| एका धावेमागे सरासरी | ५.० | ४.२ |
| सामन्यामागे यार्ड | ९९.८ | ८१.२ |
| धावून केलेले टचडाऊन | ९९ | १६४ |
| हंगामात सर्वाधिक यार्ड | ४ वेळा | ४ वेळा |
| प्लेऑफचे (बाद फेरीचे) सामने | ६ | १७ |
| प्लेऑफमधले यार्ड | ३८६ | १,५८६ |
| सुपर बोल (अंतिम सामना) विजेतेपदं | ० | ३ |

हा तक्ता दाखवला की दोन्ही बाजू खूश होतात. डॅलसवाले बेरजेवर बोट ठेवतात, कारण १८,३५५ यार्ड आणि धावून १६४ टचडाऊन हे दोन्ही एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, विक्रम आहेत. डेट्रॉइटवाले सरासरीवर बोट ठेवतात. एक हिशेब मात्र वादात क्वचित मांडला जातो. स्मिथचे पहिले दहा हंगाम वेगळे काढले तर त्याचे १३,९६३ यार्ड होतात. सँडर्सच्या दहा हंगामांचे १५,२६९. म्हणजे सारख्याच वर्षांत सँडर्स १,३०६ यार्डांनी पुढे. स्मिथने पुढच्या पाच हंगामांत ४,३९२ यार्डांची भर घातली आणि त्या जोरावर तो वर गेला. टचडाऊनचं मात्र तसं नाही. पहिल्या दहा हंगामांतच स्मिथचे धावून १३६ झाले होते. तेव्हा "स्मिथ जास्त वर्षं खेळला म्हणून पुढे" हे वाक्य यार्डांपुरतं खरं आहे, टचडाऊनला ते लावू नये.

हंगामातल्या सर्वाधिक यार्डांचा मान दोघांना चार-चार वेळा मिळाला. त्यात १९९१चा निकाल गंमतशीर आहे: स्मिथ १,५६३, सँडर्स १,५४८. फरक पंधरा यार्डांचा, आणि सँडर्स त्या वर्षी एक सामना कमी खेळला होता. १९८९ मध्ये, पहिल्याच वर्षी, तो कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेपेक्षा दहा यार्डांनी मागे राहिला. शेवटच्या सामन्यात पुन्हा मैदानात उतरून ते दहा यार्ड त्याला सहज काढता आले असते. संघ जिंकत होता, तो बाकावर बसून राहिला. त्याच्या स्वभावाचा हा धागा पुढे निवृत्तीपर्यंत जातो.

लाइन कोणाची होती?

डेट्रॉइटवाल्यांचा हुकमी मुद्दा हा: स्मिथच्या पुढे भिंत होती. आणि भिंत होतीच. नेट न्यूटन, मार्क ट्युनेई, एरिक विल्यम्स, मार्क स्टेप्नोस्की आणि १९९४ पासून लॅरी अ‍ॅलन. अ‍ॅलन तर पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. शिवाय स्मिथच्या पुढे वाट फोडायला डॅरिल जॉन्स्टनसारखा फुलबॅक होता. चेंडू फेकायला ट्रॉय एकमन, पकडायला मायकेल अर्व्हिन, हे दोघेही हॉल ऑफ फेमचे. समोरच्या संघाला केवळ स्मिथवर डोळा ठेवून चालतच नसे.

सँडर्सकडे काय होतं? कारकिर्दीच्या सुरुवातीला लायन्स चार-चार रिसीव्हर (झेल घेणारे) पसरवून खेळत आणि फुलबॅक ठेवतच नसत. सँडर्स मागे एकटा. क्वार्टरबॅक दर दोन-तीन वर्षांनी नवा: रॉडनी पीट, एरिक क्रेमर, आंद्रे वेअर, स्कॉट मिचेल. नोव्हेंबर १९९१ मध्ये लाइनमधला माइक अटली मैदानावरच मानेला दुखापत होऊन अर्धांगवायूने कायमचा जायबंदी झाला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा सहकारी एरिक अँडॉलसेक अपघातात गेला. वर्षभरात संघाने पाचांतले दोन गमावले, तेही असे.

इतपत डेट्रॉइटची बाजू भक्कम आहे. पण ती ताणली जाते तेव्हा खोटी होते. "सँडर्सकडे कोणीच नव्हतं" हे चूक आहे. डावीकडचा लोमस ब्राऊन सात वेळा प्रो बोलला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला, मधला केविन ग्लोव्हर तीन वेळा. १९९५ मध्ये हर्मन मूरने १२३ झेल घेतले, तो तेव्हाचा विक्रम होता. ब्रेट पेरिमनने १०८ घेतले. मिचेलने ४,३३८ यार्ड फेकले. त्या वर्षीचा डेट्रॉइटचा आक्रमक संघ कोणाच्याही तोडीचा होता. तरी प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाने त्यांना ५८-३७ असं धुतलं. ज्या बचावाने ५८ गुण दिले त्यात सँडर्सचा दोष शून्य. पण तो बिचारा एकटा होता, ही कहाणीही त्या वर्षाला लागू पडत नाही.

दुसऱ्या बाजूनेही तपासायला हवं. स्मिथ लाइनमुळेच मोठा झाला असेल, तर त्याच्याशिवाय तीच लाइन चालायला हवी होती. १९९३ मध्ये तसा प्रयोग आपोआप झाला. स्मिथचं पैशावरून मालकांशी बिनसलं होतं आणि करार होईना. गतविजेता डॅलस त्याच्याशिवाय पहिले दोन सामने खेळला. आधी वॉशिंग्टनकडून ३५-१६, मग घरच्या मैदानावर बफलोकडून १३-१०. दोन्ही हरला. लाइन तीच, एकमन तोच, अर्व्हिन तोच. मालकांनी लगोलग चार वर्षांच्या करारावर सही केली, स्मिथ परतला, उरलेल्या चौदांपैकी बारा सामने संघ जिंकला आणि सुपर बोलही. पहिले दोन सामने हरून विजेता ठरलेला तो पहिला संघ. दोन सामन्यांवरून सिद्धांत मांडू नये हे मान्य, तरी "लाइनमुळे कोणीही पळाला असता" म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला ते पुरेसे आहेत.

पळण्याची तऱ्हा

दोघेही बुटके. सँडर्स पाच फूट आठ इंच, स्मिथ पाच फूट नऊ. १९८९च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिला क्रमांक डॅलसचा होता. त्यांनी एकमन घेतला. तिसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटने सँडर्स घेतला. पुढच्या वर्षी स्मिथ सतराव्या क्रमांकापर्यंत खाली आला. तो पुरेसा वेगवान नाही असं मत होतं, आणि सरळ रेषेत पळण्यात तो वेगवान नव्हताही.

स्मिथचं पळणं पहिल्यांदा बघणाऱ्याला काही विशेष वाटत नाही. चेंडू हातात आला की तो क्षणभर थबकतो, पुढच्या गड्याचा धक्का कुठे बसतोय ते बघतो, फट पडते तिथे खांदा घालतो आणि पडताना आणखी दोन यार्ड ओढून नेतो. चार यार्ड, पाच यार्ड, तीन यार्ड. मागे ढकलला जाणं फार क्वचित. प्रशिक्षकाच्या दृष्टीने हे सोनं. पहिल्या डाऊनला चार यार्ड मिळाले की दुसऱ्याला फेकायचं की पळायचं, दोन्ही दारं उघडी राहतात आणि समोरचा बचाव गोंधळतो. आक्रमणाची आखणी करणाऱ्या प्रशिक्षक नॉर्व टर्नरने डॅलसचा सगळा डाव या खात्रीवर बांधला होता.

सँडर्सचं शब्दांत सांगणं कठीण. तो डावीकडे निघतो, वाट बंद दिसते, जागच्या जागी थांबतो. पूर्ण वेगातून पूर्ण थांबणं, हे मी दुसऱ्या कोणाला असं करताना पाहिलेलं नाही. मग उजवीकडे वळतो, तिघे जण हवेत हात मारून पडतात आणि तो साठ यार्डांवर असतो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी टँपा बेविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ८० आणि ८२ यार्डांच्या धावांवर टचडाऊन केले. पण याच तऱ्हेची दुसरी बाजू अशी, की वाट शोधायला मागे वळला आणि सापडली नाही, तर चार यार्ड उणे. मग दुसऱ्या डाऊनला चौदा यार्ड हवेत आणि समोरच्याला कळलेलं असतं की आता फेकणारच. सरासरी पाच यार्डांची, पण ती अशी शून्य, उणे दोन, तीन, एक, तेवीस अशा आकड्यांतून आलेली. क्वार्टरबॅकला ती सरासरी नेहमीच उपयोगी पडत नाही.

टचडाऊनच्या तफावतीचं एक कारणही इथेच आहे. गोलरेषेपासून (टचडाऊनच्या रेषेपासून) दोन यार्डांवर लायन्स सँडर्सला बऱ्याचदा बाहेर काढून एखादा जाडजूड गडी आत पाठवत. नाचायला जागा नसेल तिथे सँडर्स नको, असा विचार. डॅलसचा विचार नेमका उलटा होता: दोन यार्ड हवेत, चेंडू स्मिथला द्या. आता सँडर्सला संधीच कमी दिली म्हणून त्याचे टचडाऊन कमी, असं म्हणावं की त्याच्यावर तितका भरवसा नव्हता म्हणून संधी कमी, असं? मला वाटतं दोन्ही. मात्र जगातल्या सर्वोत्तम पळणाऱ्याला दोन यार्डांसाठी बाकावर बसवणाऱ्या प्रशिक्षकांचं कौतुक मला करवत नाही.

आणखी एक काम प्रेक्षकांना दिसत नाही: आपला क्वार्टरबॅक फेकायच्या तयारीत असताना त्याच्यावर धावून येणाऱ्याला अडवणं. यात स्मिथ फारच सरस. एकमन इतकी वर्षं उभा राहिला यात त्याचा वाटा आहे. झेल घेण्यातही स्मिथचे ५१५, सँडर्सचे ३५२, पण सामन्यांच्या हिशेबात तिथे फारसा फरक उरत नाही.

आता जो मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो तो. १९९७ मध्ये बॉबी रॉस हे नवे प्रशिक्षक डेट्रॉइटला आले. पहिल्या दोन सामन्यांत सँडर्सचे यार्ड ३३ आणि २०. लोक म्हणाले, संपला. त्यानंतर त्याच्यापुढे नेमाने फुलबॅक उभा राहू लागला, स्मिथपुढे जॉन्स्टन असे तसा. उरलेल्या चौदाच्या चौदा सामन्यांत सँडर्सने शंभरावर यार्ड काढले. हंगामाचे २,०५३. ओ. जे. सिम्पसन आणि एरिक डिकर्सननंतर दोन हजार ओलांडणारा तो तिसरा. धावेमागे सरासरी सहा यार्डांहून अधिक. वय २९, म्हणजे ज्या वयात रनिंग बॅकचे पाय जड होऊ लागतात ते. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला शिकागोविरुद्ध १६७ यार्ड आणि तीन टचडाऊन करून तो एकूण यार्डांत डिकर्सनला मागे टाकून दुसऱ्या स्थानी गेला. वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ब्रेट फार्वबरोबर त्याला विभागून मान मिळाला. सलग चौदा वेळा शंभर म्हणजे लहरीपणा नव्हे. बेभरवशाचा हा आरोप त्याच्या पायांइतकाच त्याच्या संघाच्या आखणीवरही जातो, एवढं मला त्या हंगामावरून पटतं.

जानेवारीतले सामने

इथे डॅलसवाले खुर्ची पुढे ओढतात, आणि त्यांना तो हक्क आहे.

सँडर्स प्लेऑफमध्ये सहा सामने खेळला, एक जिंकला. तो एकही डॅलसविरुद्धच: ५ जानेवारी १९९२, पाँटिअ‍ॅकच्या सिल्व्हरडोममध्ये ३८-६, आणि त्यात सँडर्सची ४७ यार्डांची टचडाऊन धाव. (स्मिथही त्या सामन्यात होता. डॅलसवाले हा सामना विसरतात, आठवण करून द्यायला हरकत नाही.) पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनने लायन्सना ४१-१० असं हरवलं. जानेवारी १९९४ मध्ये ग्रीन बेविरुद्ध सँडर्सने १६९ यार्ड काढले, तरी संघ २८-२४ हरला. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबरला, ग्रीन बेच्या थंडीत पुन्हा तोच प्रतिस्पर्धी. सँडर्स तेरा वेळा पळाला, मिळाले उणे एक यार्ड. संघ १६-१२ हरला. चार गुणांचा फरक असलेल्या सामन्यात तुमचा सर्वोत्तम खेळाडू पूर्णपणे कोंडला गेला, हे कितीही प्रेम असलं तरी झाकता येत नाही.

स्मिथच्या खात्यावर तीन सुपर बोल आणि प्लेऑफमध्ये धावून केलेले १९ टचडाऊन. १९९३चा हंगाम तर एकट्या खेळाडूच्या कारकिर्दीत एकदाच यावा असा: हंगामातले सर्वाधिक यार्ड, लीगचा सर्वोत्तम खेळाडू, सुपर बोल आणि त्यातलाही सर्वोत्तम खेळाडू. पण मला विचाराल तर त्याचा सर्वांत मोठा सामना सुपर बोल नव्हे. २ जानेवारी १९९४, न्यू यॉर्क जायंट्सचं मैदान, नियमित हंगामाचा शेवटचा सामना. जो जिंकेल तो गटात पहिला आणि त्याला प्लेऑफच्या पहिल्या फेरीत विश्रांती. मध्यंतराआधी एका लांब धावेच्या शेवटी स्मिथचा उजवा खांदा निखळला. तो परत आला. एकूण ३२ वेळा पळून १६८ यार्ड, वर दहा झेल. सामना जादा वेळेत गेला आणि तिथेही डॅलस त्याच्याकडेच चेंडू देत राहिलं. १६-१३ने जिंकले. "लाइनमुळे" म्हणणाऱ्याने हा सामना पूर्ण बघावा. निखळलेल्या खांद्यावर टक्कर घेण्याचं काम लाइन करून देत नाही.

"अदलाबदल केली असती तर?"

हा प्रश्न वादात दहाव्या मिनिटाला येतोच. सँडर्स डॅलसमध्ये असता तर वीस हजार यार्ड, स्मिथ डेट्रॉइटमध्ये असता तर कोणाला नावही आठवलं नसतं, वगैरे. माझा सल्ला: या फंदात पडू नका. टर्नरच्या डावाला दर वेळी चार यार्ड देणारा माणूस हवा होता. तिथे सँडर्सला रुळावरून पळायला शिकवलं असतं की डावच बदलला असता, कोण सांगणार? आणि फुलबॅकच नसलेल्या आखणीत स्मिथ स्मिथ राहिला नसता, हे उघड आहे. ज्याला ज्याच्या बाजूने निकाल हवा त्याला तो या प्रश्नातून मिळतो, म्हणून तर तो इतका लोकप्रिय.

शेवट कसा केला

वारसा म्हणून जे काही भांडलं जातं त्यातलं निम्मं खेळाविषयी नसून खेळ सोडण्याविषयी आहे.

जुलै १९९९. लायन्सचं सराव शिबिर सुरू होण्याच्या तोंडावर सँडर्सने आपल्या गावच्या, विचिटाच्या, वर्तमानपत्राला फॅक्स पाठवला: मी निवृत्त होतो. वय ३१. धडधाकट. वॉल्टर पेटनचा १६,७२६ यार्डांचा विक्रम १,४५७ यार्डांवर होता, आणि आदल्याच हंगामात, जो त्याचा वाईट म्हणायचा, त्याने १,४९१ काढले होते. म्हणजे आणखी एक हंगाम. ना पत्रकार परिषद, ना निरोपाचा सामना. संघाने करारापोटी दिलेल्या रकमेतला हिस्सा परत मागितला, प्रकरण लवादापुढे गेलं, सँडर्सला पैसे परत करावे लागले. पुढे त्याने स्वतःच लिहिलं, की संघाला जिंकायची इच्छाच उरली नव्हती. १९९८ मध्ये संघ पाच जिंकला, अकरा हरला. ग्लोव्हरसारख्या जुन्या साथीदाराला आधीच सोडून दिलं होतं.

डेट्रॉइटमध्ये तेव्हा लोक चिडले होते. आज तेच लोक त्याच्या बाजूने बोलतात. २०२३ मध्ये लायन्सच्या फोर्ड फील्ड मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. मधल्या काळात संघाने सँडर्सचं म्हणणं वर्षानुवर्षं खरं करून दाखवलं. जानेवारी १९९२च्या त्या विजयानंतर प्लेऑफमधला पुढचा विजय थेट जानेवारी २०२४ मध्ये आला. दरम्यान कॅल्व्हिन जॉन्सन हा त्यांचा आणखी एक महान खेळाडूही तिशीतच निवृत्त झाला आणि पैसे परत घेण्यावरून संघाशी त्याचंही फाटलं.

"सँडर्स पळून गेला" असं डॅलसवाले म्हणतात. मला हा आरोप कधी पटला नाही. १९९७च्या शेवटच्या सामन्यात, ज्या दिवशी त्याने दोन हजारांचा टप्पा ओलांडला, त्याच दिवशी त्याचा सहकारी रेजी ब्राऊन मणक्याला मार बसून मैदानावर निपचित पडला होता. जीव वाचला, खेळ कायमचा सुटला. अटलीनंतर हे दुसऱ्यांदा. अशा खेळात शाबूत शरीराने बाहेर पडणाऱ्याला पळपुटा म्हणायचं तर जरा जपून.

स्मिथचा शेवट उलट्या टोकाचा. त्याला पेटनचा विक्रम हवा होता, आणि हवा आहे हे तो उघड सांगत असे. २७ ऑक्टोबर २००२ रोजी सिअ‍ॅटलविरुद्ध, डॅलसच्या मैदानावर, अकरा यार्डांच्या धावेने त्याने तो मोडला. सामना संघ हरला. हंगामानंतर डॅलसने त्याला सोडून दिलं. अ‍ॅरिझोनाच्या लाल जर्सीत तो दोन वर्षं खेळला. त्या काळातला सर्वांत खिन्न करणारा सामना ऑक्टोबर २००३चा: जुन्या घरी, डॅलसविरुद्ध, सहा धावांत उणे एक यार्ड आणि खांद्याच्या हाडाला इजा. पण पुढच्या वर्षी, ३५व्या वर्षी, त्याने ९३७ यार्ड काढले. पहिल्या हंगामातही नेमके ९३७च होते.

विक्रमासाठी रेंगाळला, असा टोमणा त्याला मारतात. रनिंग बॅकची कारकीर्द सहसा थोड्याच वर्षांत आटोपते. पंधरा वर्षं, चार हजार चारशेहून अधिक वेळा, समोरच्या धिप्पाड माणसांच्या अंगावर जाऊन तो दर आठवड्याला उठून उभा राहिला. याला रेंगाळणं म्हणत असाल तर मला दुसरा शब्द शोधावा लागेल. टचडाऊननंतर सँडर्स चेंडू मुकाट पंचाच्या हातात देई, स्मिथ हेल्मेट काढून जल्लोष करी. आपल्याकडे अबोल माणसाला चटकन मोठेपण मिळतं आणि मनातली इच्छा बोलून दाखवणाऱ्याकडे संशयाने बघितलं जातं. सँडर्सच्या बाजूने जाणारी कितीतरी मतं मला खेळापेक्षा या आवडीतून आलेली दिसतात. सँडर्सचे वडील मात्र याला अपवाद. जिम ब्राऊन हाच सर्वांत मोठा रनिंग बॅक, असं ते मुलासमोरही ठासून सांगत.

मग कोणाची बाजू घ्यायची?

तुम्ही खेळ संघाच्या अंगाने बघत असाल, कोण किती जिंकला हे तुमच्या लेखी पहिलं असेल, तर बिनदिक्कत स्मिथ म्हणा. त्यासाठी "सँडर्सही ग्रेट होता, पण" अशी प्रस्तावना करायची गरज नाही. अडवणं, दोन यार्ड काढणं, दुखऱ्या अंगाने खेळणं, जानेवारीत खेळ उंचावणं, ही सगळी रनिंग बॅकची कामं आहेत आणि ती त्याने सँडर्सपेक्षा चांगली केली. मला एखादा संघ चालवायला दिला आणि किताबच आणायचा म्हटलं, तर मीही स्मिथच घेईन.

तरी माझी बाजू सँडर्सची. हातात चेंडू आल्यावर मोकळं मैदान स्वतः निर्माण करणारा त्याच्याइतका दुसरा झाला नाही, असं मला वाटतं. दहाही हंगामांत हजारावर यार्ड, दहाही वर्षी प्रो बोल, आणि २९व्या वर्षी थोडी नीट आखणी मिळताच दोन हजार. डॅलसच्या मित्रांशी मी किताबांवर वाद घालत नाही, तिथे माझं काही चालणार नाही. १९९७वर घालतो.

ठरवण्याआधी एकच सामना बघायला वेळ असेल तर १९ सप्टेंबर १९९४चा बघा. सोमवारची रात्र, टेक्सस स्टेडियम, लागोपाठ दोन वर्षं सुपर बोल जिंकलेला डॅलस आणि पाहुणा डेट्रॉइट, दोघेही एकाच मैदानावर. सँडर्सला त्या रात्री चेंडू चाळीस वेळा दिला आणि त्याने १९४ यार्ड काढले. जादा वेळेत जेसन हॅन्सनच्या किकवर डेट्रॉइट २०-१७ने जिंकलं. सँडर्सच्या धावा तर बघालच, पण एकमन फेकायला मागे सरकतो तेव्हा चेंडूकडे बघू नका, स्मिथ कोणाला जाऊन भिडतो ते बघा.